वाक्य पुरं होईपर्यंत

डॉक्टर म्हणाले, आता ताण घ्यायचा नाही, दुडम.
मनगटावर तार घातलेली जागा अजून निळी होती.
म्हटलं, साहेब, चाळीस वर्षं ताणावरच पोट भरतोय.
बीमवरचं सूत ढिलं राहिलं
तर टॉवेल नाही निघत, पोतेरं निघतं.
ते म्हणाले, आणि जास्त ताणलं तर?
मी गप्प.
तुटतं, हे आमच्या इरय्यालासुद्धा कळतं,
आणि तो कामाला लागून दोन महिने झालेत.

तर बदलायचं ठरवलं.
वहीत रकाने पाडले: राग, घाई, हॉर्न.
रात्री टोटल.
पहिल्या आठवड्यात नुसते हॉर्न एकोणीस,
त्यातले बारा अशोक चौकात, एक उभ्या म्हशीला.
रागाचा आकडा शनिवारी जुळेना
म्हणून वही भिंतीवर फेकली.
ती नोंद कुठल्या रकान्यात करायची, कळलं नाही.

पहाटे कंबर तलावावर फेऱ्या.
हत्तुरे सर, पंचाहत्तरीचे, पायात कॅनव्हासचे बूट,
एकदा सहज मला मागे टाकून गेले.
दुसऱ्या दिवशी मी त्यांना दोन फेऱ्यांनी हरवलं.
वळून पाहिलं तर ते बाकावर बसून
पाणकोंबडीची पिल्लं मोजत होते.
शर्यत होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

शेंगाचटणीचा डबा माळ्यावर गेला.
सुगुणाने ताटात कडक भाकरी ठेवली, म्हणाली,
ही गिळता येत नाही. चावा.

इरय्याने परवा अख्खा ताणा गुंतवला.
मी तोंड उघडलं, मिटलं,
घड्याळाकडे बघत वीस आकडे मोजले.
तो बिचारा जास्तच घाबरला.
ओरडा ना मालक, म्हणाला,
असं बघू नका.

आणि एक खोड, जी वहीत लिहिलीच नव्हती.
लोक बोलायला लागतात, मी संपवतो.
गिऱ्हाईक, जावई, बँकेतला माणूस,
त्यांच्या तोंडातला धोटा मध्येच पकडून
मीच पलीकडे फेकतो.
सुगुणाची तर एकतीस वर्षांत
एक गोष्ट मी शेवटपर्यंत जाऊ दिलेली नाही.

पाणी चौथ्या दिवशी येतं, आमच्या गल्लीत रात्री दोनला.
मे महिना. पायरी रात्रीसुद्धा तापलेली.
नळाखाली घागर लावून आम्ही दोघं बसलो.
शेजारच्या कारखान्यात रात्रपाळीचे माग चालू होते.
ती म्हणाली, एमंडी,
तुम्ही आयसीयूत होता ना, त्या रात्री मी...

रडलीस.
शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता.
दात मिटून धरले.

नळाने हवा सोडली, खोकला, फुसफुसला,
माझे गुडघे आपोआप उठायला निघाले.
मी त्यांच्यावर हात ठेवले.

त्या रात्री मी घरी येऊन झोपले, ती म्हणाली.
इतकी गाढ, की सकाळी पोरीने हलवून उठवलं.
घरात कुणी ओरडत नव्हतं.
फोनवर नाही, माझ्यावर नाही, पंख्यावरसुद्धा नाही.
उठल्यावर आठवलं तुम्ही कुठे आहात,
आणि मला माझीच इतकी लाज...

इथे ती थांबली. मीही थांबलो.
पुढचं मला खरंच माहीत नव्हतं.
पलीकडे माग खटखटत राहिले.
बऱ्याच वेळाने ती म्हणाली,
हे कुणाला सांगितलं नव्हतं.

घागर कधीच भरली होती.
पाणी पायरीवरून उतरून गल्लीत चाललं होतं,
सोलापुरात, मे महिन्यात,
चौथ्या दिवशीचं पाणी.
दोघांनी ते बघितलं
आणि लगेच कुणी उठलं नाही.